काम कार्बनचं की लपलेल्या लोखंडाचं? भिलाईच्या वाटेवरून उत्प्रेरकांचा इतिहास



नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघालेली गाडी पकडली, की गोंदिया, डोंगरगढ, राजनांदगाव, दुर्ग ही स्टेशनं एकामागून एक मागे पडतात आणि मग भिलाईच्या चिमण्या दिसू लागतात. या वाटेवर मराठी माणसाची ये-जा जुनी आहे. हा सगळा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. बिंबाजी भोसले रतनपूरला राहून छत्तीसगडचा कारभार पाहत. पुढे इंग्रजी अमलात मध्य प्रांताची राजधानी नागपूर झाली आणि दुर्ग, रायपूर, बिलासपूरचे कागद नागपूरच्याच कचेऱ्यांत येत राहिले. म्हणून आजची गोष्ट भिलाईची असली, तरी ती सुरू होते नागपुरातल्या एका इमारतीत.

आजचा प्रश्न रसायनशास्त्राचा आहे. औषधं, प्लॅस्टिक, खतं, रंग बनवताना उत्प्रेरक लागतात आणि त्यांतले बहुतेक धातूंचे असतात: प्लॅटिनम, पॅलॅडियम, निकेल, लोखंड. हे काम साधा कार्बन, म्हणजे आपला कोळसा, करू शकेल का? गेली वीस-पंचवीस वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांतून "हो" असं उत्तर येतं आहे. पण या "हो"मागे शंभर वर्षांचा एक वाद आहे, आणि तो समजून घ्यायला भिलाईसारखी दुसरी जागा नाही. कारण लोखंड आणि कोळसा एकमेकांपासून वेगळे काढणं किती अवघड आहे, हे या गावाइतकं कुणाला ठाऊक असणार?

अजब बंगल्यातला नकाशा

नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचं. नागपूरकर त्याला अजून 'अजब बंगला' म्हणतात. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला जमशेटजी टाटांचे चिरंजीव दोराबजी नागपुरात आले होते. पोलादाच्या कारखान्यासाठी शोध चालू होता, चांद्याकडची आशा मावळली होती आणि आता हा नाद सोडतो, असं सरकारी अधिकाऱ्यांना सांगायची वेळ आली होती. भेटीला वेळ होता म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे भूगर्भ खात्याचा एक रंगीत नकाशा होता आणि त्यावर दुर्ग भागात लोहखनिजाची गडद खूण होती. ही पाहणी केली होती प्रमथनाथ बोस या बंगाली भूशास्त्रज्ञाने, १८८०च्या दशकात.

दोराबजी आणि त्यांचे अमेरिकन तज्ज्ञ वेल्ड दल्ली-राजहराच्या डोंगरांवर गेले. खनिज उत्तम निघालं. तरीही टाटांचा कारखाना तिथे झाला नाही. त्याचं कारण नीट लक्षात ठेवा. लोखंड भरपूर होतं, पण जवळपास पुरेसं पाणी नव्हतं आणि कोक करता येईल असा दगडी कोळसाही नव्हता. पुढे त्याच प्रमथनाथ बोसांनी मयूरभंजच्या खनिजाकडे लक्ष वेधलं आणि कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला झाला. लोखंडाच्या कारखान्याची जागा ठरवताना कार्बनचं म्हणणंही तितकंच ऐकावं लागतं.

राजहराचं खनिज तसंच पडून राहिलं. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. खनिज राजहराहून, तर कोळसा झरिया-बोकारोकडून शेकडो किलोमीटरचा रेल्वेप्रवास करून येऊ लागला.

नाव जाळणारा नावाडी

दगडी कोळसा हवा न लावता सुमारे हजार अंशांवर भाजला, की त्यातला वायू आणि डांबर निघून जातं आणि मागे कोक उरतो. भिलाईच्या कोक भट्ट्यांमधून बेन्झिन, नॅफ्थलीन, डांबर आणि अमोनियम सल्फेटचं खतही मिळतं. झोतभट्टीत कोक तीन कामं करतो: उष्णता देतो, वरचा भार तोलून धरतो आणि खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो. शेवटच्या कामात तो स्वतः संपतो.

या भागात हे ज्ञान कारखान्याआधी कितीतरी काळ होतं. मैकल डोंगररांगांच्या आसपास अगरिया लोक मातीच्या छोट्या भट्टीत लोणारी कोळसा आणि खनिज घालून, पायाने भाता चालवून लोखंड काढत. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं.

आता फरक पाहा. नावाडी उतारूंना पैलतीरी सोडतो आणि नाव घेऊन पुढच्या उतारूंसाठी परत येतो. उत्प्रेरक म्हणजे असा नावाडी: तो रासायनिक क्रिया घडवतो, पण स्वतः खर्च होत नाही. झोतभट्टीतला कोक मात्र प्रत्येक खेपेला नावच जाळतो. तो उत्प्रेरक नाही. मग कोळसा कधी खरा नावाडी झाला का?

'उत्प्रेरण' ही कल्पना स्वीडनच्या बर्झेलियसने १८३५ साली मांडली. त्याआधी १८२३ साली जर्मनीच्या ड्योबेरायनरने दाखवलं होतं की, प्लॅटिनमच्या सच्छिद्र गोळ्यावर हायड्रोजनचा झोत सोडला, तर तो हवेत आपोआप पेट घेतो. तेव्हापासून उत्प्रेरक म्हटलं की धातू, हे समीकरण पक्कं झालं. कोळशाची ओळख वेगळी होती. १७८५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये लोविट्झने पाहिलं की, लोणारी कोळसा द्रावणातला रंग शोषून घेतो. म्हणजे कोळसा शोषणारा, धातू घडवणारा. पण १८५४ साली लंडनच्या जॉन स्टेनहाउसने कोळसा भरलेला श्वसन-मुखवटा बनवला आणि म्हटलं, की कोळसा दुर्गंधी नुसती शोषत नाही. हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने तो ती जाळूनही टाकतो. कोळशाला नावाड्याची भूमिका देणाऱ्या पहिल्या काही लोकांत स्टेनहाउस येतो.

रक्ताचा कोळसा, साखरेचा कोळसा

१९२०च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो वारबुर्ग एका मोठ्या कोड्यामागे लागला होता: पेशी श्वास कसा घेतात? प्रत्यक्ष पेशींऐवजी तो कोळशावर प्रयोग करत होता. रक्त जाळून केलेल्या कोळशावर अमिनो आम्लं सोडली, की साध्या तापमानाला ती ऑक्सिजनशी संयोग पावतात, असं त्याला दिसलं. कोळसा उत्प्रेरकासारखा वागत होता.

वारबुर्ग तिथे थांबला नाही. शुद्ध साखरेचा कोळसा करून पाहिला, तर त्यात जवळपास जोर नव्हता. रक्तातलं हेमिन जाळून केलेला कोळसा मात्र जोरदार चालला. हेमिनमध्ये काय असतं? लोखंड, आणि त्याला धरून ठेवणारा नायट्रोजन. थोडं सायनाइड घातलं, की काम मंदावत होतं, कारण सायनाइड लोखंडाला घट्ट चिकटतं. निष्कर्ष असा, की काम लोखंडाचं होतं आणि कोळसा त्याचं घर होता. हाच धागा पुढे नेत त्याने श्वसनातल्या लोहयुक्त विकराचं स्वरूप उलगडलं आणि १९३१ साली त्याला नोबेल मिळालं.

त्याच सुमारास, १९२५-२६ साली, केंब्रिजमध्ये रिडियल आणि राइट यांनी कोळशाच्या पृष्ठभागावर ऑक्झॅलिक आम्लाचं ऑक्सिडीकरण मोजलं. त्यांचं उत्तर जास्त बारकाईचं होतं. कोळशाचा पृष्ठभाग एकसारखा नसतो. काही जागा निष्क्रिय असतात, काही जागी कार्बन स्वतः काम करतो, आणि जिथे लोखंड व नायट्रोजन एकत्र असतात त्या थोड्याशा जागा फार जास्त काम करतात. म्हणजे दोन्ही बाजू थोड्या-थोड्या खऱ्या. शंभर वर्षांचा वाद याच वाक्यात सामावलेला आहे.

उत्प्रेरकांच्या इतिहासात हे वारंवार घडलं आहे. अमोनिया बनवण्यासाठी हाबरने आधी ऑस्मियम हा दुर्मीळ धातू वापरला होता. स्वस्त पर्याय शोधताना मिटॅशने १९०९ साली स्वीडनमधल्या गेलिव्हारेचं लोहखनिज वापरून पाहिलं आणि ते चकित करणारं चाललं. शुद्ध लोखंड तसं चालत नव्हतं. भेद होता खनिजातल्या भेसळीत: ॲल्युमिना आणि पोटॅशसारख्या किरकोळ घटकांत. आज जगभरची खतं ज्या प्रक्रियेतून येतात, तिचा उत्प्रेरक अशा 'अशुद्ध' खनिजातून सापडला.

ज्याला कचरा समजलं, तोच कामगार

मग कार्बन स्वतःच्या बळावर काहीच करत नाही का? करतो. आणि त्याचा उत्तम पुरावा मिळाला तो एका तक्रारीतून.

थर्माकोल आणि पॉलिस्टायरिनच्या वस्तू ज्यापासून बनतात ते स्टायरीन तयार करायला एथिलबेन्झिनमधून हायड्रोजन काढावा लागतो. उद्योगात यासाठी पोटॅशियम घातलेलं लोहऑक्साइड आणि भरपूर वाफ वापरतात, तापमान सुमारे ६०० अंश. लोहऑक्साइड म्हणजे राजहराच्या डोंगरात मिळतं त्याच जातीचं. ऑक्सिजन वापरून कमी तापमानाला हेच करता येईल का, याचे प्रयोग १९७०-८०च्या दशकांत चालू होते, त्यांत सोव्हिएत संशोधकही होते. ॲल्युमिनासारख्या पावडरीवर क्रिया चालू केली, की तिच्यावर काळा थर साचत असे. रसायनतज्ज्ञ या थरालाही 'कोक'च म्हणतात आणि सहसा तो शत्रू असतो, कारण तो उत्प्रेरक झाकून टाकतो. इथे उलट घडलं: थर साचेपर्यंत उत्प्रेरक मंद होता, थर साचल्यावर तो जोरात चालू लागला. म्हणजे खरा उत्प्रेरक तो काळा थरच होता. खालची पावडर नुसती बसायची जागा होती.

हे कसं घडतं? कोळशाच्या कडांना कार्बन आणि ऑक्सिजनच्या जोड्या लागलेल्या असतात. त्या एथिलबेन्झिनमधला हायड्रोजन ओढून घेतात. मग हवेतला ऑक्सिजन येऊन तो हायड्रोजन पाण्याच्या रूपात घेऊन जातो आणि जोडी पुन्हा रिकामी होते. नावाडी परत येतो. पुढे तपासणी आणखी कडक झाली. फिनाइलहायड्रॅझिन हे रसायन वापरून या जोड्या बंद केल्या, तर कामही तेवढ्याच प्रमाणात घटलं. २००८ साली डँगशेंग सू, रॉबर्ट श्लोगल आणि सहकाऱ्यांनी नळीच्या आकाराच्या कार्बनवर ब्यूटेनमधून हायड्रोजन काढून दाखवला. इथे कार्बनला श्रेय देणं न्याय्य आहे.

उद्योगातही कोळशाला एक जुनी नोकरी आहे: कार्बन मोनॉक्साइड आणि क्लोरिन यांच्यापासून फॉस्जीन बनवायला सक्रिय कोळसाच वापरतात. पण स्टायरीनच्या कारखान्यांत आजही लोहऑक्साइडच चालतं. लोखंड स्वस्त आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या घासून त्या पद्धतीत कौशल्य आलं आहे. कार्बन चांगला आहे म्हणून धातू हरलाच, असं होत नाही. जिथे धातू महाग किंवा घातक आहे, तिथे कार्बनचा हक्क जास्त. ॲसिटिलीनपासून पीव्हीसीचा कच्चा माल बनवताना पाऱ्याचं क्लोराइड वापरलं जातं. पाऱ्याबद्दलचा मिनामाता करार २०१३ साली झाला आणि २०१७ साली अमलात आला. तेव्हापासून पाऱ्याशिवायचे पर्याय शोधण्याला घाई आली आणि नायट्रोजनयुक्त कार्बन हा त्यांतला एक पर्याय आहे.

एक टन सोड्यात पन्नास मिलिग्रॅम

आता गोष्टीतला सगळ्यात शिकण्यासारखा भाग. दोन कार्बन-साखळ्या जोडण्याची सुझुकी पद्धत औषधनिर्मितीत फार वापरली जाते. तिच्यासाठी २०१० साली नोबेल दिलं गेलं. तिला पॅलॅडियम लागतं. पॅलॅडियम महाग आहे, आणि शिवाय औषधात त्याचा अंश राहता कामा नये. तोंडाने घ्यायच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलॅडियम जाऊ नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. म्हणून २००३ साली निकोलस लेडबीटर आणि मारिया मार्को यांनी धातूविना सुझुकी जोडणी केल्याचं जाहीर केलं, तेव्हा जगभर उत्साह पसरला.

दोन वर्षांनी त्याच गटाने स्वतःचं काम पुन्हा तपासून प्रसिद्ध केलं. प्रयोगात वापरलेल्या बाजारातल्या सोडियम कार्बोनेटमध्ये, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या जातीच्या रसायनात, पॅलॅडियम निघालं: अब्जात ५० भाग. एक टन सोड्यात ५० मिलिग्रॅम. तेवढं पुरत होतं. २००९ साली बुखवाल्ड आणि बोल्म यांनी असंच दाखवलं, की लोखंडाच्या क्लोराइडला दिलेलं काही जोडण्यांचं श्रेय त्यातल्या सूक्ष्म तांब्याचं होतं. त्यातल्या बोल्म यांनी तर लोखंडाच्या बाजूने आधी स्वतःच शोधनिबंध लिहिले होते. २०२१ साली पुन्हा एकदा धातूविना सुझुकीचा दावा मोठ्या नियतकालिकात आला आणि पॅलॅडियमचा मागमूस लागल्यावर मागे घेतला गेला.

कार्बनच्या बाबतीत तपासणी आणखी अवघड आहे, कारण नैसर्गिक ग्राफाइटमध्ये मुळातच धातू असतात आणि ग्राफीन ऑक्साइड बनवण्याच्या प्रचलित हमर्स पद्धतीत पोटॅशियम परमँगनेट लागतं, म्हणजे मँगॅनीज आलंच. मार्टिन प्युमेरा यांच्या गटाने २०१२च्या सुमारास दाखवलं, की ग्राफीनच्या काही गुणांमागे हे अवशिष्ट धातूच असतात. २०२० साली त्याच गटाने या क्षेत्राची गंमत करत ग्राफीनमध्ये चक्क पक्ष्यांची विष्ठा मिसळली आणि ते ग्राफीन अधिक चांगला उत्प्रेरक ठरतं हे छापून दाखवलं. विनोद होता, पण रोख नेमका होता: काहीही मिसळलं आणि आकडा वाढला, एवढ्याने आपल्याला काहीच समजत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००९ साली लिमिंग दाय यांच्या गटाने नायट्रोजनयुक्त कार्बन नळ्या इंधनघटात प्लॅटिनमची जागा घेऊ शकतात असं दाखवलं. नळ्या वाढवायला लोखंडाचं संयुग वापरलं होतं, म्हणून त्यांनी लोखंड काढून टाकण्याची काळजी घेतली. तरी शंका उरली. मग २०१६ साली जपानच्या त्सुकुबामध्ये जुंजी नाकामुरा आणि सहकाऱ्यांनी अतिशय शुद्ध, सपाट ग्राफाइटवर नायट्रोजन ठरावीक जागी बसवला आणि कोणत्या प्रकारच्या नायट्रोजनाशेजारचा कार्बन काम करतो ते दाखवलं. रिडियल-राइट यांचं वाक्य नव्वद वर्षांनी खरं ठरलं: कार्बन स्वतः काम करतो, आणि त्यात लोखंड लपलं असेल तर तेही काम करतं.

भिलाईतल्या विद्यार्थ्याने विचारायचे प्रश्न

२०१६ साली आयआयटी भिलाई सुरू झाली आणि तिथे रसायनशास्त्राचा विभागही आहे. हा भाग भाताचं कोठार म्हणून ओळखला जातो. तुसाचे ढीग आहेत, कोळसा आहे, डांबर आहे. अशा टाकाऊ मालापासून कार्बन बनवून धातूंना पर्याय शोधणं हा इथल्या, विदर्भातल्या, पुण्यातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला सुचेल असा विषय आहे, आणि चांगला विषय आहे. पण तुसाच्या राखेत सिलिका आणि पोटॅशियम असतं, थोडं लोखंड आणि मँगॅनीजही असतं. आपल्या दगडी कोळशात राख जास्त आणि त्या राखेत लोहऑक्साइड असतंच.

म्हणून 'धातूविरहित' हा शब्द वाचला, की चार गोष्टी विचाराव्यात. फक्त कार्बनमधला नव्हे, तर मीठ, सोडा, द्रावक, भांडं या सगळ्यांतला धातू अब्जांश पातळीपर्यंत मोजला का? कार्बन आम्लाने धुऊन पुन्हा तपासला का? तेवढाच धातू मुद्दाम घालून कामाचा वेग वाढतो का ते पाहिलं का? आणि कार्बनच्या कडेच्या जागा बंद केल्यावर काम थांबलं का? पहिले तीन प्रश्न धातूला पकडतात. चौथा कार्बनला त्याचं श्रेय मिळवून देतो.

हे श्रेयाचं भांडण प्रयोगशाळेपुरतं नाही. गोळीत पॅलॅडियम उरलं आहे की नाही, हे रुग्णाच्या शरीराला कळतं. धातू नाही असं समजून कारखाना उभारला आणि कच्च्या मालाचा पुरवठादार बदलला, तर लपलेला धातू जातो आणि क्रियाच थांबते. पैसा आणि वर्षं दोन्ही वाया जातात. एखाद्या विद्यार्थ्याची पीएचडीची पाच वर्षंही त्यातच जातात.

अजब बंगल्यातल्या नकाशावर लोखंडाची खूण होती, पण कारखाना कुठे होईल ते कोळशाने ठरवलं. प्रयोगशाळेतल्या काळ्या पावडरीवर कार्बनची चिठ्ठी असते, पण काम कधीकधी लोखंड करत असतं. चिठ्ठी वाचून थांबू नये, एवढंच आजचं सांगणं.